निळ्या ताक्यातला काळा धागा

गिरणीच्या निवृत्त कामगारांच्या मंडळाने यंदा जुन्या बायकांचे फोटो भिंतीवर लावायचं ठरवलंय. प्रत्येक फोटोखाली चार ओळी. सेकोंदीनाच्या चार ओळी मी लिहाव्यात यावर सगळ्यांचं चटकन एकमत झालं, कारण ती माझी सख्खी मावशी, आणि तिच्यानंतर रफू खात्यातल्या पहिल्या टेबलावर बसले ती मीच. मी बसले आणि लिहून काढलं : एकोणतीस वर्षांत एकही ताका परत आला नाही, बोटांत जादू, स्वभाव सरळ. वाचून पाहिलं आणि कागद फाडला. त्यातली पहिली गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे तीन वर्षं मी तिला कळू दिलं नाही. ते चार ओळींत मावत नाही, म्हणून हे एवढं लांबण लावलंय. मंडळाला नको असेल तर त्यांनी फोटोखाली नुसतं नाव लिहावं.

सेकोंदीना म्हणजे दुसरी. आजोबांनी पोरांना नावं दिलीच नाहीत, नंबर दिले, असं आम्ही हसायचो. थोरला प्रिमो, मग ही, आणि पाचवा क्विंतो. तिसरी माझी आई. तिच्या वेळी आजी हटून बसली म्हणून तिला निदान एका संतिणीचं नाव मिळालं. नाताळात सगळे आजीकडे जमले की अर्ध्या देशाचे कारखाने टेबलाशी बसल्यासारखं वाटायचं. प्रिमोमामा तुरिनला फियाटमध्ये मोटारींची दारं बसवायचा. क्विंतोमामा इव्हरेयाला ऑलिव्हेटीत टाइपरायटर जोडायचा. धाकटी मावशी आल्बाला फेरेरोकडे चॉकलेटच्या खात्यात होती, तिच्या स्वेटरला जून महिन्यातसुद्धा कोकोचा वास यायचा. पोलेंता ताटात पडेपर्यंत तिघांची जुंपलेली असायची की देश कुणाच्या जिवावर चाललाय. प्रिमोमामा म्हणायचा, आम्ही एक दिवस हात आखडला तर सगळे पायी चालाल. क्विंतोमामा म्हणायचा, चाला खुशाल, पण त्याचा हुकूम टाइप कोण करणार? सेकोंदीना सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी भाऊबहिणींना म्हणायची, "तुमच्या साहेबांच्या अंगावरचं आमचं कापड काढून घेतलं, तर साहेब कोणता आणि हमाल कोणता, ओळखाल का?" मग सगळे हसायचे आणि वाद तिथेच मिटायचा.

आमचं बिएला गाव लोकरीचं. नदीकाठाने गिरण्याच गिरण्या, आणि आम्ही खालच्या गिरणीत. मागावरून उतरलेल्या ताक्यात गाठी असतात, तुटलेले धागे असतात, कुठे ताण्यातला, म्हणजे उभा, एखादा धागा हातभर आलेलाच नसतो. ताका धुलाईला जाण्याआधी ते सगळं सुईने भरून काढायचं, असं की नंतर जागा सांगितली तरी कुणाला सापडू नये. आम्ही सतरा जणी हेच करायचो, वरच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या उंच खिडक्यांशी. पहिलं टेबल खिडकीला सगळ्यात जवळचं, ते मुख्य रफूवालीचं. सेकोंदीना डोळे मिटून ताक्यावर तळवा फिरवायची आणि म्हणायची, इथे. तिथे गाठ असायचीच. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! डोळे ती का मिटते, हा प्रश्न एकीच्याही डोक्यात आला नाही.

माझं टेबल दुसरं. मावशी निवृत्त झाली की पहिलं मला मिळणार, असं सगळे धरून चालले होते. मी तर फारच धरून चालले होते.

एकोणीसशे त्रेसष्टच्या सप्टेंबरात मिम्मा आली. पूर्ण नाव दोमेनिका, गाव पार खाली कलाब्रियात, वय एकोणीस. तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेली, काम जमलं तर कायम. त्या वर्षांत दक्षिणेतून आलेल्यांना आमच्याकडे कुणी सुखासुखी खोली देत नसे. 'खालच्यांना जागा नाही' अशी पाटी आमच्या गल्लीतही एका दारावर होती, आणि मी ती रोज वाचून पुढे जायचे. मला तिचं काही वाटत नसे, हे आज लिहिताना मान वर होत नाही. खात्यातही टोमणे चालायचे. पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं, तुमच्याकडे मेंढ्या तरी असतात का गं, की सगळं मिरचीवरच भागतं? मिम्मा सुईवरून नजर न काढता म्हणाली, "असतात की. तुमच्यासारख्याच आहेत, फक्त कमी बोलतात." सेकोंदीना हसली. मी हसले नाही.

ती पोर चांगली होती हेच माझं दुखणं. घरी मागावर हात बसलेला होता तिचा. तिसऱ्या आठवड्यात मावशी म्हणाली, हिच्या बोटांना कळतं. मी नऊ वर्षं तिच्या शेजारी बसत होते. माझ्या बोटांबद्दल ती कधी काही बोलली नव्हती.

ऑक्टोबरात गडद निळा ताका आला, रात्रीच्या आभाळासारखा, साहेबलोकांच्या सुटांचा. ताण्यातला एक धागा तीन मीटर आलाच नव्हता. असं मोठं काम मावशी स्वतः करायची. ताक्याचं उरलेलं टोक तिने सरावासाठी मिम्माला दिलं. टेबलावर दोन लडी पडल्या होत्या, एक त्या ताक्याची निळी आणि एक आदल्या दिवशीच्या कामातली काळी. दोन्ही एकाच जाडीच्या, एकाच पिळाच्या. हाताला सारख्याच.

मावशीचा मीटरभर भरून झाला असेल तेव्हा मिम्मा पुढे वाकून हळूच म्हणाली, "बाई, हा काळा आहे."

"काय काळा?"

"धागा. ताका निळा आहे, आणि तुम्ही काळा भरताय."

मावशीने सुई थांबवली नाही. "मी सव्वीस वर्षं निळा भरतेय, मुली. तू पाच आठवडे. आपल्या टोकाकडे बघ."

मी मान वळवून पाहिलं. धागा काळा होता. खिडकी तीन हातांवर, शंकेला जागाच नव्हती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मिम्मा लाल होऊन गप्प बसली होती, आणि मला बरं वाटलं होतं. अगदी खरं सांगते, बरं वाटलं. दुपारी मावशीच्या कानात सांगू म्हटलं. दुपारी तिचा पारा चढलेला होता, म्हणून संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी ताका धुलाईला खाली गेला. पुढे तपासणीतही दिव्याखाली निळा न् काळा एकच दिसला, आणि मी स्वतःला समजावलं की सुटलो एकदाचे.

डिसेंबरात ताका परत आला. मिम्माचे तीन महिने भरायला आठच दिवस होते. तुरिनच्या शिंप्यांनी कोट बेतायला कापड उन्हात पसरलं आणि काळी रेघ उठून आली. मुकादम तेरेसियोने तो अंगणाच्या दाराशी, उन्हाच्या पट्ट्यात उलगडला आणि आम्हा सतरा जणींना खाली बोलावलं. एकदा ती रेघ दिसली की दुसरं काही दिसेना. मावशी वाकली, रेघेवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, धागा तर बरोबर भरलाय.

"धाग्याचं नाही, सेकोंदीनाबाई, रंगाचं म्हणतोय," तेरेसियो म्हणाला. तिच्याशी तो नेहमी अदबीने बोलायचा. त्या दिवशीही.

ती बराच वेळ ताक्याकडे बघत राहिली. तिला त्यात काहीच दिसत नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, शरमेने गप्प झाली. मग ती म्हणाली की आपण निळाच भरला होता, पण टोक त्या पोरीकडे होतं, तिने उसवून पुन्हा भरला असेल. तिला तसंच वाटत होतं. खोटं बोलायचं तर तिची जीभ अडखळायची, आणि त्या दिवशी ती अडखळली नाही.

मिम्मा पुढे आली. "मी हात लावला नाही. मीच बाईंना सांगितलं होतं की काळा आहे. ओत्ताविया शेजारीच होती, तिला विचारा."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. एका बाजूला मावशी, जिने मला सुई धरायला शिकवली, जिच्या नावाला सव्वीस वर्षांत डाग नव्हता. दुसऱ्या बाजूला खालची पोर. मी स्वतःला सांगितलं की मी मावशीसाठी करतेय. पण पहिलं टेबलही त्याच क्षणी डोळ्यांसमोर होतं, ते का लपवू?

"मला नाही ऐकू आलं," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले असते तर एक वेळ. वर पुस्ती जोडली, "मागांचा आवाज चालू होता."

माग तळमजल्यावर. आमच्या मजल्यावर सुई पडली तरी ऐकू यायची. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, तेरेसियोलासुद्धा. एकीनेही तोंड उघडलं नाही.

मिम्माने ॲप्रन काढला, घडी केली आणि दाराजवळच्या बाकावर ठेवला. माझ्याजवळून जाताना थांबली. "निदान आठवत नाही म्हणायचं होतंस," ती म्हणाली. चिडून नाही, समजावून सांगितल्यासारखी. तिने रडून गोंधळ घातला असता तर मला ती आवडली नाही म्हणून विसरता आली असती.

त्या संध्याकाळी चढणीच्या रस्त्याने घरी जाताना मावशीने माझा दंड धरला होता. ती नेहमीच धरायची. पाण्याच्या नळापाशी थांबून तिने विचारलं, "ओत्ताविया, खरं सांग हं मला. निळाच होता ना?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, मुकादम नव्हता, ताका नव्हता. तिथे मी खरं बोलले असते तर दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन मिम्माला परत घेऊन आली असती, तेवढी ती सरळ होती.

"निळाच होता, मावशी," मी म्हणाले.

पुढची तीन वर्षं मी खोटं सांभाळायची नोकरी केली. सकाळी तिच्या आधी जाऊन तिच्या लडी लावून ठेवायचे, निळ्या डावीकडे, काळ्या उजवीकडे. तिला वाटायचं भाची मायेची आहे. खात्यातल्या बायकाही माझं कौतुक करायच्या. ती कॉफी कपाच्या बाहेर ओतायला लागली तेव्हा मी म्हणायचे, किटलीची चोचच वाकडी आहे. डोळे दाखव म्हणाले असते तर का दाखवायचे हे सांगावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी माझ्या मावशीला तीन वर्षं अंधारात चालू दिलं.

शेवटी ती गिरणीच्या अंगणात हातगाडीवर आपटली आणि क्विंतोमामा तिला ओढत तुरिनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. मोतीबिंदू. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा हाताबाहेर गेला होता. महिनाभराने जाड भिंगांचा चष्मा लावून ती घरी आली. पहिलं काम केलं ते उरलेल्या धाग्यांचा पत्र्याचा डबा उघडायचं. खिडकीशी बसून तिने पुड्या टेबलावर पसरल्या. तिच्या निळ्यांच्या पुडीत निम्मे धागे काळे निघाले. एकेक उचलून ती बाजूला ठेवत गेली. मी समोर उभी.

माझ्यावर चिडेल असं वाटलं. पण तिने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काळजीने म्हणाली, "तुझेही डोळे दाखवून घे बाई. तुलाही तेव्हा निळाच दिसला होता."

दुसऱ्या दिवशी ती तेरेसियोकडे जाऊन म्हणाली की ती चूक आपली होती. तो म्हणाला, जाऊ द्या, जुनी गोष्ट. तिने जाऊ दिलं नाही. मिम्मा कुठे आहे याची चौकशी सुरू केली. तिच्या जुन्या घरमालकिणीने सांगितलं, इव्हरेयाला गेली. क्विंतोमामाने युनियनच्या माणसांकडे विचारलं आणि पंधरा दिवसांनी निरोप आणला, पोरगी आमच्याच कारखान्यात आहे, टाइपरायटरच्या अक्षरांच्या दांड्या जुळवते. सगळ्यात बारीक काम, म्हणाला, नजर लागते त्याला.

रविवारी मावशीने मला बरोबर घेतलं. मी आधी ताप सांगितला, मग पाहुणे, मग बस बंद असल्याचं. बस चालू होती.

मिम्मा तिसऱ्या मजल्यावर एका मैत्रिणीबरोबर राहत होती. दार उघडल्यावर तिने आधी मावशीला पाहिलं, मग मला, आणि बाजूला झाली. स्वयंपाकघरात टेबलावर गावाकडून आलेली सुकी अंजिरं बशीत काढली, कॉफी ठेवली. मावशी बसेना. उभ्यानेच बोलली.

"पोरी, चूक माझी. तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. मला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हेही ठाऊक नव्हतं. तुला काढलं त्याच दिवशी मी ओत्तावियाला विचारलं होतं, पण तिलाही बिचारीला..."

मिम्माने माझ्याकडे पाहिलं. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने कॉफी ओतली, माझा कप पुढे केला आणि विचारलं, "साखर किती?"

"मी ऐकलं होतं," मी म्हणाले.

मावशी म्हणाली, "काय?"

"तिने सांगितलेलं. आणि काळा धागा मला दिसलाही होता."

त्या भिंगांतून तिला फक्त समोरचं नीट दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. म्हणून ती सबंध वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. तसं नीट तिने मला किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

"संध्याकाळीसुद्धा? नळापाशी मी विचारलं तेव्हासुद्धा?"

"हो."

ती खुर्चीत बसली. टेबलावरचा कपडा बोटांनी सपाट केला. मग तिने मिम्माला विचारलं की तुझं आता कसं चाललंय. मिम्मा म्हणाली की काम बरं आहे, इथे कुणी त्रास देत नाही. "फक्त आईला अजून वाटतं की मी कापड खराब केलं म्हणून काढलं. गावात तसंच कळलंय. मी पत्रातून कितीदा सांगितलं, पण ती म्हणते, सतरा बायका कशाला खोटं बोलतील?"

मावशीने कागद मागितला. तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "लिही. हिच्या आईला."

मी विचारलं, काय लिहू?

"झालं ते. माझं माझ्या नावाने लिही, तुझं तुझ्या नावाने."

मी लिहिलं. माझे डोळे इतके भरून येत होते की दोनदा कागद बदलावा लागला, आणि दोघींपैकी एकीनेही मला गप्प राहा म्हटलं नाही की रुमाल दिला नाही. कॉफी निवून गेली. मावशीने पत्र डोळ्याशी धरून अक्षर न् अक्षर वाचलं, एका ठिकाणी मी 'बहुतेक काळा' लिहिलं होतं ते खोडायला लावलं, आणि मग खाली दोघींच्या सह्या झाल्या. परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारीच बसली होती. उतरताना मी हात पुढे केला. तिने दांडी धरली.

त्या वसंतात ती निवृत्त झाली. तेरेसियोने विचारलं, पहिल्या टेबलावर कुणाला बसवू? मी मनाशी ठरवून टाकलं होतं की ती माझं नाव घेणार नाही, आणि ते बरंच होईल. ती म्हणाली, "ओत्तावियाला. तिला काम येतं." मी तिथे एकवीस वर्षं बसले. लोक मला मान द्यायचे, आणि मी तो घ्यायचे.

मावशी त्यानंतर अकरा वर्षं जगली, माझ्या दाराला दार लावून. नाताळात माझ्या ताटात वाढायची, माझ्या मुलींना मोजे विणून द्यायची. शेजारपाजारचे लोक तिच्याकडे रफूला कपडे आणायचे. एकाच डोळ्याने सगळं निभायचं नाही, गडद रंगात अजून गफलत व्हायची. मग ती दोन धागे कागदात गुंडाळायची, रविवारी कोट चढवायची आणि तासाभराची बस पकडून इव्हरेयाला जायची. मिम्मा बघून सांगायची, हा निळा, तो काळा. दुपारच्या बसने ती परत यायची आणि कामाला बसायची.

एका रविवारी बर्फ पडत होतं. मी जिन्यात तिला अडवलं. म्हटलं, "मावशी, अशा दिवसात कशाला जातेस? आण इकडे, मी बघून सांगते."

तिने कोटाची वरची गुंडी लावली. "नको गं," ती म्हणाली, अगदी मायेने. "मिम्मा सांगेल."